भिजत घोंगडं : एका सरकारी खात्याच्या विक्रीचं प्रकरण

१९८९-९०च्या सुमारास ब्रिटनच्या प्रॉपर्टी सर्व्हिसेस एजन्सीतल्या (पुढे ‘पीएसए’) काही शे कर्मचाऱ्यांना टपालाने एक प्रश्नावली आली. तब्येत कशी आहे, झोप लागते का, सिगारेटी किती, दारू किती, व्यायाम होतो का. हीच माणसं काही वर्षांपूर्वी याच धर्तीच्या प्रश्नांना उत्तरं देऊन गेली होती. मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. खातं विकलं जाणार, याची कुणकुण लागली होती. कुणालाही कामावरून कमी केलेलं नव्हतं आणि पगार ठरल्या तारखेला होत होता.

अशी संधी क्वचित मिळते. एरवी एखाद्या कंपनीत कपातीची बातमी फुटते, मग कुणीतरी सर्वेक्षण करतं आणि ‘लोक तणावाखाली आहेत’ असा अहवाल येतो. ते आधीपासूनच तणावाखाली होते का, याला उत्तर नसतं, कारण बातमीच्या आधीचं मोजमापच नसतं. इथे ते होतं. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल-२’ हा आरोग्य अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला होता. २० खात्यांतले, ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ जण त्यात होते आणि मायकेल मार्मट त्याचं नेतृत्व करत होते. नोकरीच्या असुरक्षिततेसाठी हा अभ्यास आखलेलाच नव्हता. त्यातलं एक खातं मध्येच विक्रीला निघालं. त्या खात्यातल्या ६६६ जणांची तुलना उरलेल्या १९ खात्यांशी करता आली, ती या योगायोगामुळे.

खातं आणि त्याची वाट पाहण्याची वर्षं

पीएसए १९७२ मध्ये पर्यावरण विभागाच्या छत्राखाली सुरू झाली. सरकारी इमारती बांधणं, त्यांची देखभाल करणं, त्यात सामान-फर्निचर पुरवणं हे तिचं काम. मंत्रालयांची कार्यालयं आणि सैन्याच्या बराकींपासून परदेशातल्या दूतावासांपर्यंत तिचा पसारा होता. वास्तुरचनाकार, अभियंते, सर्व्हेयर, कारकून असा सगळा पांढरपेशा वर्ग तिथे होता. ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथेच राहणार, हे कुठल्याही करारात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नव्हतं. पण दोन्ही बाजू ते धरून चालत. संघटनांचा अभ्यास करणारे याला ‘मानसिक करार’ म्हणतात. कागदी करार मोडला तर कोर्टात जाता येतं, हा मोडला तर तक्रार कुणाकडे करायची हेही कळत नाही.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इतर खात्यांना आपली कामं बाहेरून करून घ्यायची मुभा मिळू लागली. हक्काचं गिऱ्हाईक सुटलं. १९९० मध्ये पीएसएच्या विक्रीसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९९२-९३ मध्ये ती तुकड्या-तुकड्यांनी खासगी कंपन्यांकडे गेली. म्हणजे कुणकुण ते हस्तांतर यात तीनेक वर्षं गेली. या काळात कर्मचाऱ्यापुढे एक प्रश्न नव्हता, प्रश्नांची माळ होती : खातं विकतील का, माझा विभाग कोणत्या तुकड्यात जाईल, घेणारा कोण असेल, तो मला ठेवेल का, ठेवलं तर कोणत्या पदावर, आणि पेन्शनचं काय? एकाचं उत्तर मिळेपर्यंत पुढचा उभा. घोंगडं भिजत पडतं ते असं.

लिओनार्ड ग्रीनहाल्ग आणि झेहावा रोझेनब्लाट यांनी १९८४ मध्ये नोकरीच्या असुरक्षिततेची जी व्याख्या केली, तिचं सार असं : धोक्यात आलेली नोकरी हवी तशी चालू राहावी म्हणून आपल्याला काहीच करता येत नाही, ही भावना. धोका आणि हतबलता असे यात दोन भाग आहेत. व्यवस्थापनं बहुतेक वेळा पहिल्या भागाशी झटतात (‘घाबरू नका’) आणि दुसरा भाग स्वतःच्या हातांनी वाढवत नेतात. पीएसएतल्या अभियंत्याने अधिक चांगलं काम केलं असतं, तरी त्याचा विभाग कुणाला विकला जाईल यात तसूभर फरक पडणार नव्हता. मेहनत आणि निकाल यांचा धागा तुटला की हुशार माणूस आधी गोंधळतो आणि मग बाहेर अर्ज टाकू लागतो.

काय मोजलं आणि काय निघालं

जेन फेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पहिले निष्कर्ष मांडले. विक्रीच्या छायेत असलेल्यांची स्वतः सांगितलेली तब्येत, बाकी खात्यांतल्या लोकांच्या तुलनेत, घसरू लागली होती. एक माणूसही घरी बसलेला नसताना.

त्यापुढचा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ताण आला की माणसं सिगारेट-दारूकडे वळतात, व्यायाम सोडतात आणि म्हणून आजारी पडतात, हे स्पष्टीकरण सगळ्यांच्या जिभेवर असतं. पीएसएच्या लोकांच्या सवयी मुळातच इतरांपेक्षा थोड्या बऱ्या होत्या आणि धोक्याच्या काळातही तशाच राहिल्या. सवयींतल्या बदलात दोन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही. तब्येत बिघडली, पण सवयींच्या वाटेने नाही. कपातीच्या काळात कंपन्या योगवर्ग काढतात आणि ‘निरोगी जीवनशैली’ची पत्रकं वाटतात. त्यात वाईट काही नाही. पण ते औषध दुसऱ्याच दुखण्याचं आहे.

इथे मोजमापाचं साधन जरा जवळून बघायला हवं, कारण कंपन्या आजही तेच किंवा त्याचीच भावंडं वापरतात. मानसिक अस्वास्थ्य मोजायला जनरल हेल्थ क्वेश्चनेअर वापरली गेली. डेव्हिड गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाची ही प्रश्नावली १९७०च्या दशकापासून वापरात आहे. व्हाइटहॉलमध्ये तिची ३० प्रश्नांची आवृत्ती होती, कंपन्यांत बहुधा १२ प्रश्नांची चालते. एक प्रश्न असा : काळजीमुळे अलीकडे झोप उडाली आहे का? पर्याय चार : अजिबात नाही, नेहमीपेक्षा जास्त नाही, नेहमीपेक्षा जरा जास्त, नेहमीपेक्षा खूपच जास्त. पहिल्या दोन उत्तरांना शून्य, शेवटच्या दोनांना एक गुण. ३० पैकी ५ किंवा अधिक झाले, की त्या माणसाला मानसिक त्रास असण्याची शक्यता आहे असं धरतात.

‘नेहमीपेक्षा’ या शब्दावर बोट ठेवा. बातमी ताजी असताना हा शब्द चोख काम करतो, कारण नेहमीचं म्हणजे बातमीपूर्वीचं. दोन-तीन वर्षं जीव टांगणीला लागलेल्या माणसाला विचारा. पहाटे चारला डोळे उघडणं हेच त्याचं ‘नेहमीचं’ झालेलं असतं. तो प्रामाणिकपणे ‘नेहमीपेक्षा जास्त नाही’वर खूण करतो आणि त्याचा गुण शून्य भरतो. बातमीनंतर सहा महिन्यांनी आकडा वर आणि दोन वर्षांनी खाली आला, की ‘लोक सावरले’ असा अहवाल जातो. सावरले असतीलही. पण या प्रश्नावलीच्या एकट्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. जोडीला तुलना नसलेला एखादा प्रश्न हवा. व्हाइटहॉल-२ मध्ये पुढे असा प्रश्न आला : सध्याच्या नोकरीत तुम्हाला किती सुरक्षित वाटतं? खूप सुरक्षित, सुरक्षित, फारसं नाही, अगदीच असुरक्षित.

विक्रीनंतर दीड वर्षाने

हस्तांतरानंतर १८ महिन्यांनी याच माणसांना पुन्हा गाठलं गेलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टप्प्यात त्यांचे चार गट पडले : सुरक्षित वाटणारी नवी नोकरी मिळालेले, नोकरी मिळाली पण ती असुरक्षित वाटणारे, काम शोधणारे बेरोजगार, आणि पगारी कामातून कायमचे बाहेर पडलेले. पहिला गट मापदंड धरून बाकीच्यांची तुलना केली.

असुरक्षित नोकरीतल्यांचा मानसिक त्रासाचा सरासरी गुणांक मापदंडापेक्षा १.५६ने जास्त निघाला. बेरोजगारांचा १.२५ने. वर्षभरात चार किंवा अधिक वेळा डॉक्टरकडे जाण्याची शक्यता असुरक्षित नोकरीवाल्यांत २.०४ पट आणि बेरोजगारांत २.३९ पट होती. (ही ‘पट’ सांख्यिकीतल्या शक्यता-गुणोत्तराची आहे, म्हणजे एखादी गोष्ट होणारे आणि न होणारे यांच्या प्रमाणाची दोन गटांतली तुलना.) गट लहान असल्याने या आकड्यांभोवतीचा अंदाजाचा पट्टा रुंद आहे. २.०४चा पट्टा १.१ ते ३.८ असा पसरतो. त्यामुळे असुरक्षित नोकरी बेरोजगारीपेक्षा वाईट, असा मथळा कुणी केला तर तो चुकीचा ठरेल. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. पण ‘काहीही असो, नोकरी आहे ना!’ असं म्हणणाऱ्याला या आकड्यांत आधार मिळत नाही. या लोकांत डळमळीत नोकरी तब्येतीला बेरोजगारीइतकीच महाग पडली.

पैशाची ओढाताण हे कारण असेल, असं कुणालाही आधी वाटेल. तेही तपासलं गेलं. आर्थिक ताण, मानसिक-सामाजिक घटक आणि आरोग्याच्या सवयींतला बदल या सगळ्यांनी मिळून फरकाचा फार थोडा भाग उलगडला. डॉक्टरकडच्या फेऱ्यांतल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा (असुरक्षित नोकरीवाल्यांत २६ आणि बेरोजगारांत २७ टक्के) मानसिक त्रास वाढल्याने समजावता आला, उरलेला नाही.

चौथ्या गटाचं चित्र वेगळं आहे. कायमचे बाहेर पडलेल्यांची तब्येत बहुतेक मोजमापांत सुरक्षित नोकरीवाल्यांसारखीच होती. अपवाद एक : दीर्घकालीन आजार त्यांच्यात २.२५ पट. तो आजार काम सुटल्याने आला की आजारामुळेच त्यांनी काम सोडलं, हे या मांडणीतून वेगळं काढता येत नाही आणि दुसरी शक्यता नक्कीच मोठी आहे. तरी बाकीची साम्यं विचार करायला लावतात. एक गट नोकरीत, दुसरा घरी. त्यांना जोडणारा दुवा एकच दिसतो. दोघांचा प्रश्न निकालात निघाला होता.

प्रयोगशाळेतही याच्याशी जुळणारं काही सापडलं आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांना संगणकावर दगड उलटायचा खेळ दिला. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. शरीराचा ताण सर्वांत जास्त कधी? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. खेळातून थेट कार्यालयात उडी मारू नये हे खरं. पण ‘काय ते एकदाचं सांगून टाका’ हे कर्मचाऱ्यांचं म्हणणं निव्वळ वैताग नसतो, एवढं यावरून दिसतं.

प्रकरण वाचताना होणाऱ्या चुका

तुलनेतली १९ खाती निर्धास्त होती, हे गृहीत धरणं ही पहिली चूक. १९८८ पासून ब्रिटिश सरकारने खात्यांची कामं स्वतंत्र कार्यकारी एजन्सींकडे सोपवायचा ‘नेक्स्ट स्टेप्स’ कार्यक्रम हाती घेतला होता, म्हणजे अस्वस्थता सगळीकडे थोडीफार होतीच. मापदंडच हललेला असेल, तर पीएसएमधला खरा परिणाम दिसतो त्यापेक्षा मोठा असण्याची शक्यता जास्त.

दुसरी चूक उलट दिशेची. ही सगळी लंडनची, कार्यालयात काम करणारी, मध्यमवयीन, पेन्शनचा आधार असलेली माणसं. रोजंदारीवर किंवा सहा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. फिनलंडमधल्या नगरपालिकांच्या अभ्यासात मोठ्या कपातीनंतर कायम कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या, हंगामी कर्मचाऱ्यांच्या वाढल्या नाहीत. हंगामी लोक जास्त ठणठणीत होते असा याचा अर्थ लावण्यापेक्षा, त्यांना रजा घेणं परवडत नव्हतं असा लावणं मला जास्त पटतं. म्हणूनच रजांचा तक्ता बघून ‘आमच्याकडे परिणाम नाही’ म्हणणाऱ्या व्यवस्थापनावर विश्वास ठेवू नये. कपातीच्या यादीत नाव येऊ नये म्हणून ताप अंगावर काढून आलेला माणूस त्या तक्त्यात ‘हजर’ असतो.

तिसरी चूक म्हणजे असुरक्षितता एकच समजणं. नोकरीच जाईल ही भीती वेगळी. नोकरी राहील पण पद, कामाचा दर्जा, पगारवाढ, बढतीची वाट जाईल ही वेगळी. स्वीडिश संशोधकांनी १९९९ मध्ये या दोन प्रकारांची विभागणी मांडली. पहिल्याला संख्यात्मक आणि दुसऱ्याला गुणात्मक असुरक्षितता म्हणतात. विक्रीनंतर कामावर घेतलेल्यांची पहिली भीती संपते आणि दुसरी सुरू होते. एचआरचा अहवाल मात्र पहिली संपली की मिटतो.

मग काय करता येतं

विक्री किंवा कपात टाळता येत नसेल, तर सुधारता येण्याजोगी गोष्ट म्हणजे वाट पाहण्याची लांबी आणि तिचा पोत. याबद्दल डेव्हिड श्वायगर आणि अँजेलो डेनिसी यांचा १९९१चा प्रयोग उपयोगी आहे. दोन कंपन्या एक होत होत्या. एका कारखान्यात नेहमीप्रमाणे वरिष्ठांचं एक पत्र गेलं आणि विषय संपला. दुसऱ्यात महिन्यातून दोनदा बातमीपत्र, प्रश्न विचारायला टेलिफोन लाइन, आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या पर्यवेक्षकांसोबत दर आठवड्याला बैठका. घोषणेनंतर दोन्हीकडे ताण वाढला आणि विश्वास घसरला. मोकळेपणाने बोलल्याने पहिला फटका चुकला नाही. फरक पुढे पडला. पत्रवाल्या कारखान्यात घसरण चालू राहिली, दुसऱ्यात ती थांबली आणि हळूहळू भरून येऊ लागली. पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा आकडा पाहून ‘बोलून काही उपयोग झाला नाही’ म्हणत बैठका बंद करणारा व्यवस्थापक नेमका याच टप्प्यावर फसतो.

अशा बैठकीत काय सांगायचं? पहिलं, पुढची तारीख. ‘निर्णय झाला की कळवू’ हे गुळमुळीत वाक्य सर्वांत महाग पडतं, कारण त्याने प्रत्येक दिवस निकालाचा दिवस होतो. ‘तुमच्या विभागाबद्दल अजून ठरलेलं नाही, २० तारखेच्या बैठकीत ठरेल, २१ला सकाळी ११ वाजता सांगू’ यातही उत्तर नाही. पण १९ तारखेपर्यंत झोपायची सोय आहे. आणि २१ला काहीच ठरलं नसेल, तरी ११ वाजता उभं राहून तेवढंच सांगायचं. एक तारीख चुकली की पुढच्या सगळ्या तारखा खोट्या ठरतात.

दुसरं, प्रश्न सुटे करायचे. नोकरी, पद, जागा, पगार, पेन्शन : पाचांपैकी कशाला धोका आहे आणि कशाला नाही, ते वेगवेगळं लिहून द्यायचं. पेन्शन सुरक्षित आहे हे पहिल्याच दिवशी माहीत असताना ते सर्वसाधारण ‘पॅकेज’च्या घोषणेत सहा महिन्यांनी सांगणं, हा निष्काळजीपणा मी क्षम्य मानत नाही.

तिसरं, निवडीचे निकष यादीच्या आधी यायला हवेत. यादी आधी आणि निकष मागाहून आले, की कुणीही ते निकष म्हणून वाचत नाही. आधीच घेतलेल्या निर्णयाचं समर्थन म्हणून वाचतो. निकषांत माणसाच्या हातात काही असावं, म्हणजे दुसऱ्या विभागात अर्ज करायची मुदत, प्रशिक्षणाची जागा, स्वेच्छेने बाहेर पडायचा पर्याय. हतबलतेचा भाग कमी होतो तो इथे. चांगली माणसं आधी निघून जातील या भीतीने स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय दाबून ठेवला जातो. बाहेर मागणी असलेली माणसं तशीही जातात, फक्त देय रकमेशिवाय आणि कडवटपणा घेऊन.

चौथं, पर्यवेक्षक. घोषणा त्यालाही सगळ्यांबरोबर त्याच मेलवर कळली, तर पुढचा अर्धा तास त्याच्या टेबलाशी येणाऱ्या दहा जणांना तो ‘मलाही आत्ताच कळलं’ एवढंच सांगू शकतो. त्या क्षणापासून लोक त्याला विचारणं बंद करतात आणि कँटीनमधल्या अफवेकडे वळतात. त्याला किमान काही तास आधी, कागदावर, नेमक्या उत्तरांसह सांगायला हवं. त्याची स्वतःची नोकरी धोक्यात असेल, तर तेही त्याच बैठकीत.

मोजमाप करायचं असेल तर घोषणेच्या आधीचा एक आकडा हवा. नसेल तर दरवर्षीच्या सर्वेक्षणात सुरक्षिततेचा एक साधा प्रश्न आजपासून घाला. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे निकाल वेगळे काढू नका, नाहीतर कुणी काय लिहिलं ते ओळखू येतं आणि पुढच्या वेळी सगळे ‘उत्तम’ लिहितात. कपातीच्या तोंडावर नावानिशी प्रश्नावली वाटणं तर मुळीच नको. ‘मला झोप लागत नाही’ हे यादीच्या आठवड्यात नावासकट लिहून देणारा माणूस सापडणार नाही.

शेवटची नोंद सुटका झालेल्यांबद्दल. व्हाइटहॉल-२ च्याच आकडेवारीवर २००२ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात, असुरक्षितता दीर्घकाळ सोसलेल्यांची तब्येत सर्वांत वाईट आढळली. धोका टळलेल्यांचीही पुरती पूर्ववत झालेली नव्हती. तेव्हा ‘यादी अंतिम झाली, आता कुणालाही काढणार नाही’ ही मेल गेली म्हणून आठवड्याची बैठक त्याच शुक्रवारी बंद करू नये. ती पंधरवड्यावर आणावी, आणि मोजमाप सहा महिन्यांनी व पुन्हा १८ महिन्यांनी करावं. पीएसएमधल्या लोकांना विचारलं गेलं होतं ते १८ महिन्यांनीच, आणि तेव्हाही नोकरी असलेल्यांतले काही जण तिला ‘असुरक्षित’ म्हणत होते.